मिठाचं भांडं आणि पंगतीतला मान

हे व्याख्यान बेंगळुरूहून होतं आहे, पण ऐकणारे आणि आता हे वाचणारे बेळगावचे आहेत, इंदूरचे आहेत, बडोद्याचे आणि हैदराबादचेही आहेत. आजचा विषय तुम्हा सगळ्यांच्या स्वयंपाकघरात आहे, आणि तरी इतिहासाच्या पुस्तकात त्याला क्वचितच जागा मिळते. विषय आहे मिठाचं भांडं.

मिठाबद्दल आपण बरंच बोलतो. १९३० सालची दांडी आठवते, कोकणातल्यांना शिरोडा आठवतं, मुंबईकरांना वडाळा. भांड्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. लंडन, पॅरिस, व्हिएन्नाच्या संग्रहालयांत गेलात तर काचेच्या कपाटात मीठ वाढण्याची छोटी छोटी चिनी मातीची भांडी मांडलेली दिसतात. कुणी शिंपल्याच्या आकाराचं, कुणी खांबांच्या मंदिरासारखं, कुणावर निळी वेलबुट्टी. चिमूटभर मिठासाठी एवढी कलाकुसर! मग प्रश्न पडतो, की आपल्याकडे अशी भांडी का दिसत नाहीत? आपण तर खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं. मग मिठाला साधं एक सुंदर भांडं आपण का दिलं नाही?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला थोडा युरोपात फेरफटका मारू, आणि मग परत बेंगळुरूला येऊ. इथे त्याचा एक धागा थेट शहाजीराजांच्या घराशी जोडलेला आहे.

मिठाच्या वर कोण, खाली कोण

मध्ययुगात इंग्लंडमधल्या सरदाराच्या वाड्यात लांबच लांब टेबल असायचं. त्यावर यजमानाच्या जवळ मिठाचं एक मोठं, उभं भांडं ठेवायचे. बहुधा चांदीचं, वर सोन्याचा मुलामा. हे भांडं म्हणजे एक सीमारेषा होती. त्याच्या यजमानाकडच्या बाजूला बसले ते मानाचे पाहुणे, पलीकडे बसले ते हलक्या दर्जाचे. इंग्रजीत आजही एखाद्याचा दर्जा सांगताना तो ‘मिठाच्या वर’ की ‘मिठाच्या खाली’ असं म्हणतात. मीठ तेव्हा काही अगदी दुर्मिळ नव्हतं, पण ते कुणाच्या हाताशी आहे यावरून माणसाची जागा ठरत होती.

या प्रकारातलं जगातलं सर्वांत प्रसिद्ध भांडं इटालियन सोनार बेनव्हेनुतो चेल्लिनी याने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्यासाठी १५४० ते १५४३ या काळात घडवलं. सोन्याचं, मीनाकाम केलेलं. त्यावर समुद्रदेव आणि पृथ्वीदेवी समोरासमोर बसले आहेत. समुद्राच्या बाजूला मिठासाठी होडी, पृथ्वीच्या बाजूला मिऱ्यांसाठी छोटं देऊळ. आपल्या मलबारच्या मिऱ्यांना फ्रान्सच्या राजाच्या टेबलावर देवळात बसवलं होतं, हे लक्षात घ्या. व्हिएन्नाच्या संग्रहालयातून हे भांडं २००३ साली चोरीला गेलं आणि २००६ साली एका जंगलात पुरलेलं सापडलं.

पण धातूच्या भांड्यात एक अडचण होती. मीठ चांदीला खातं. चांदीच्या भांड्यात मीठ ओलसर राहिलं की काळे डाग पडतात, पृष्ठभाग झिजतो. म्हणून आतून सोन्याचा मुलामा द्यायचा किंवा निळ्या काचेची वाटी बसवायची. चांगला झिलई दिलेला मातीचा डबा असेल तर ही कटकटच नाही. मीठ त्याचं काही वाकडं करू शकत नाही.

सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये ‘सँ-पोर्शेर’ नावाची अतिशय नाजूक मातीची भांडी झाली. जगात आज त्यातले शंभराहूनही कमी नमुने उरले आहेत, आणि त्यांत मिठाची भांडी आहेत. पुढे हॉलंडमधल्या डेल्फ्टला निळी-पांढरी भांडी निघाली. चिनी कुंभार तर युरोपातल्या चांदीच्या मीठदाण्यांचे नमुने समोर ठेवून त्याच आकाराची पोर्सिलेनची भांडी बनवून जहाजांनी पाठवू लागले. ज्या चिनी घरात टेबलावर मीठदाणी ठेवायची पद्धत नाही, तिथला कारागीर परदेशी गिऱ्हाइकासाठी मीठदाणी घडवतो आहे! व्यापार असा चालतो.

पोर्सिलेनचं गुपित युरोपला कळलं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, जर्मनीत. माइसेनचा कारखाना १७१० सालचा. त्यानंतर साधारण १७४५ च्या सुमारास लंडनजवळ चेल्सीला निकोलस स्प्रिमाँ नावाच्या मूळच्या चांदीकाम करणाऱ्या माणसाने पोर्सिलेनची एक मीठदाणी काढली. खडकावर एक शिंपला, आणि त्याला बिलगून बसलेला गोड्या पाण्यातला झिंगा. हाच आकार त्याने आधी इंग्लंडच्या युवराजासाठी चांदीत केला होता. आता तो मातीत आला, आणि राजवाड्याबाहेरच्या श्रीमंतांना परवडू लागला.

याच काळात आणखी एक बदल होत होता. एका मोठ्या मीठदाणीऐवजी प्रत्येकाच्या ताटापाशी छोटी छोटी भांडी येऊ लागली. मीठ प्रत्येकाच्या हाताशी आलं आणि ती ‘वर-खाली’ची रेषा हळूहळू पुसट झाली. शेवटी अमेरिकेत १८५८ च्या सुमारास जॉन मेसनने भोकाच्या झाकणाची मीठदाणी काढली आणि १९११ साली मॉर्टन कंपनीने मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळून ते मोकळं वाहतं केलं. नक्षीदार वाटी आणि छोटा चमचा यांची गरज संपली. ती भांडी कपाटात गेली आणि तिथून संग्रहालयात.

मीठ मातीला खातं, मीठ मातीला तारतं

आता थोडं रसायन समजून घेऊ, कारण आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

साध्या भाजलेल्या मडक्याला सूक्ष्म छिद्रं असतात. म्हणून तर माठातलं पाणी गार होतं. त्याच मडक्यात मीठ ठेवा. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते याच कारणाने. हे खारं पाणी मडक्याच्या छिद्रांत शिरतं, बाहेर येऊन सुकतं, तिथे स्फटिक धरतात आणि ते फुगून मडक्याचे पापुद्रे काढतात. जुन्या भिंतीला जसा लोणा लागतो, तसाच हा लोणा. शब्दही बघा, लोणा म्हणजे लवण.

तांब्या-पितळेत ठेवलं तर आणखी वाईट. आंबट-खारट पदार्थ कळकतो. ‘कळकणं’ हा शब्द हल्लीच्या मुलांना माहीत नाही, कारण पितळ गेलं आणि कल्हईवालाही गेला. लोखंड तर गंजूनच जातं. मग मिठाला राहायला जागा कुठली? लाकूड, दगड, काच, आणि झिलईची चिनी माती. एवढीच.

गंमत म्हणजे झिलई करायलाही मीठच उपयोगी पडतं. जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठचे कुंभार मध्ययुगाच्या शेवटी तापलेल्या भट्टीत मूठमूठ मीठ टाकायचे. हजार-बाराशे अंशांच्या उष्णतेत मिठातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी एकजीव होतं आणि भांड्यावर काचेसारखा थर चढतो. संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला अशा मीठ-झिलईची पांढरी भांडी निघाली आणि त्यांत मीठदाण्याही होत्या. म्हणजे मिठानेच मिठासाठी घर बांधलं. आपल्याकडची सांडपाण्याची तपकिरी, चकचकीत पाइपं याच तंत्राने बनत.

बेंगळुरूचा वाडा आणि दीपाबाईंचा आश्रय

आता बेंगळुरू. १६३८ साली विजापूरच्या सैन्याने हे शहर केंपेगौडांच्या घराण्याकडून घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढची पंचवीसेक वर्षं, १६६४ साली होदिगेरेला त्यांचा मृत्यू होईपर्यंत, बेंगळुरू हे त्यांचं मुख्य ठाणं होतं. त्यांच्यामागे इथला कारभार व्यंकोजी म्हणजे एकोजीराजांकडे आला. एकोजी नंतर तंजावरला गेले आणि तिथलं मराठी राज्य उभं राहिलं.

एकोजींच्या राणी दीपाबाई. त्यांच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. अन्नपदार्थांचे गुणदोष आणि आहाराचे नियम असा त्याचा विषय. जिलबीच्या इतिहासाच्या निमित्ताने या ग्रंथाचं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या रघुनाथ पंडितांचा मागोवा घेतला. कर्नाटक, तमिळ प्रदेश आणि महाराष्ट्र यांचं ताट एकत्र येत होतं त्या काळातला, एका मराठी राणीच्या पदरच्या पंडिताचा हा ग्रंथ आहे.

रघुनाथ पंडित ज्या आयुर्वेदाच्या परंपरेत उभे आहेत, तिथे मिठाचा आणि भांड्यांचा विचार फार बारकाईने झालेला आहे. चरकसंहितेत तीन गोष्टी अति वापरू नयेत असं सांगितलं आहे: पिंपळी, क्षार आणि लवण. रक्तदाब मोजायचं यंत्र नसताना! आणि सुश्रुतसंहितेत कोणता पदार्थ कशात वाढावा याची यादीच आहे. तूप लोखंडाच्या भांड्यात, पेय चांदीच्या, फळं आणि खाद्यं पानांवर, आंबट पदार्थ दगडाच्या भांड्यात. आणि चटकदार आंबटगोड पदार्थ काचेच्या, स्फटिकाच्या, रत्नजडित सुंदर पात्रांत.

म्हणजे तोंडीलावण्यासाठी नक्षीदार, निष्क्रिय भांडं असावं ही कल्पना आपल्याला अगदी जुन्या काळापासून ठाऊक होती. आंबट आणि खारट धातूत घालू नये हेही ठाऊक होतं. कर्नाटकात मीठ ठेवायला लाकडात किंवा मऊ दगडात कोरलेलं भांडं असे, त्याला मरिगे म्हणतात. महाराष्ट्रातही लाकडाचे आणि दगडाचे असे प्रकार होते.

चिनी मातीची भांडीही दख्खनला नवी नव्हती. हंपीच्या उत्खननात चिनी पोर्सिलेनचे तुकडे मिळाले आहेत. मुघल दरबारात हिरवट झिलईच्या चिनी थाळ्यांना ‘घोरी’ म्हणत आणि त्यात विष पडलं तर थाळी तडकते असा समज होता. म्हणजे राजाच्या पुढ्यात चिनी माती आली, पण ती जीव वाचवायला. मीठदाणी म्हणून ती आली नाही. का?

मीठ आधी पानावर

कारण आपल्याकडे मिठाला भांड्याची गरजच नव्हती. त्याला पानावर जागा होती.

पान वाढायला सुरुवात होते ती मिठापासून. केळीचं पान असो की पत्रावळ की ताट, आधी वरच्या बाजूला चिमूटभर मीठ. मग लिंबाची फोड, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. भात नंतर. इथे कर्नाटकातही केळीच्या पानावर मीठ सुरुवातीलाच पडतं. इंग्लंडच्या सरदाराच्या टेबलावर मीठ कुणापाशी आहे हा प्रश्न होता. पंगतीत तो प्रश्नच उठत नाही. यजमान असो वा पाहुणा, प्रत्येकाच्या पानावर तेवढीच चिमूट.

हे ऐकून आपली छाती फुगते. पण इथे थांबून प्रामाणिकपणे बघायला हवं. पंगतीत मीठ सारखं होतं, पण पंगत सारखी नव्हती. कोण कुठल्या पंगतीत, कोण पहिल्या, कोण शेवटच्या, कोण अंगणात आणि कोण अंगणाच्याही बाहेर, हे जातीने ठरत होतं. बायका सगळ्यांचं झाल्यावर. युरोपाने एकाच टेबलावर मीठ ठेवून रेषा आखली. आपण रेषा आधीच आखली, आणि मग रेषेच्या आतल्यांना सारखं मीठ वाढलं. त्यामुळे आपल्या मिठाला मान दाखवणारं भांडं लागलं नाही. तो मान भिंती आणि उंबरे दाखवत होते.

हीच गोष्ट मातीच्या भांड्यांबद्दल. धातू घासून शुद्ध होतो, मातीचं भांडं एकदा उष्टं झालं की टाकायचं, हा नियम. चिनी माती ही शेवटी मातीच, म्हणून सोवळ्याच्या ताटात कपबशीला कित्येक दशकं प्रवेश नव्हता. अनेक घरांत चहाच्या कपबश्या स्वयंपाकघराबाहेरच्या फळीवर राहत.

पण एका चिनी मातीच्या भांड्याने हा उंबरा ओलांडला. ती लोणच्याची बरणी.

बरणीचा मान

‘लोणचं’ हा शब्द लवणापासून आला. कन्नडमध्ये लोणच्याला उप्पिनकायी म्हणतात, म्हणजे मिठाचं फळ. आणि आपण ज्याला उप्पीट म्हणतो त्यात ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘हिट्टु’ म्हणजे पीठ. दोन्ही भाषांनी मिठाला नावातच बसवलं आहे.

हे मिठाचं फळ वर्षभर टिकवायचं तर भांडं पाहिजे झिलईचं. पितळेत ते कळकणार, मडक्याला लोणा लागणार. म्हणून कर्मठ घरांनीसुद्धा बरणीसाठी नियम वाकवला. बरणी सोवळ्यात ठेवली गेली, तिच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला गेला, आणि ओल्या हाताने तिला शिवायचं नाही हा कायदा झाला. शेजारी खडेमिठाचा सट. चिनी माती मराठी स्वयंपाकघरात आली ती शोभेसाठी नव्हे. मिठाने तिला आत आणलं.

ह्या बरण्या बनवायचा उद्योग देशात उभा राहिला त्यात एक मराठी नाव आहे, आणि महाराष्ट्रात ते फारसं घेतलं जात नाही. परशुराम गणपुले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी सौराष्ट्रात या धंद्याचा पाया घातला. थानगढ, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात त्यांच्या नावाची परशुराम पॉटरी उभी राहिली. आज मोरबी देशातलं टाइल्सचं सर्वांत मोठं केंद्र आहे. तुमच्या घरातली फरशी बहुधा तिकडचीच. वर तपकिरी किंवा पिवळसर आणि खाली पांढरी, अशी जी बरणी आपण ‘आजीची बरणी’ म्हणून ओळखतो, तिच्या खानदानात हा सौराष्ट्राचा पट्टा येतो. आणि इकडे सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था तिथेच आहे.

बेंगळुरूचं काय? १८०९ साली इथे इंग्रजांची छावणी आली आणि एका शहराची दोन शहरं झाली. पेटेत केळीच्या पानावर मीठ आधी पडायचं, आणि दोन-तीन मैलांवर छावणीतल्या बंगल्यांत टेबलावर विलायती मीठदाणी असायची. एकाच गावात मीठ वाढायच्या दोन रीती शंभर-सव्वाशे वर्षं शेजारी नांदल्या.

मग वीज आली. १९०२ साली शिवनसमुद्रची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली, १९०५ साली बेंगळुरूचे रस्ते उजळले. विजेच्या तारा खांबावर टांगायच्या तर मध्ये पोर्सिलेनचे विद्युतरोधक पाहिजेत. सर मिर्झा इस्माईल म्हैसूरचे दिवाण असताना, १९२६ ते १९४१ या काळात, संस्थानाने अनेक उद्योग काढले. बेंगळुरूचा सरकारी पोर्सिलेन कारखाना त्यांतला एक. मल्लेश्वरमच्या बाजूचा हा कारखाना पुढे भेलकडे गेला. खांबावरचं ते पांढरं पोर्सिलेन आणि फडताळातली बरणी यांचा गुण एकच: झिलई केलेली घट्ट माती आतून काही जाऊ देत नाही. खारं पाणी नाही, वीजही नाही. चेल्सीच्या त्या झिंग्याच्या मीठदाणीची ही बेंगळुरूतली दूरची भावंडं म्हणायची.

कपाटात काय ठेवायचं

युरोपची मीठदाणी संग्रहालयात गेली, कारण ती राजाची होती, चित्रासारखी होती, आणि तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं. आपली बरणी भंगारात चालली आहे. आता मीठ प्लास्टिकच्या पिशवीत येतं, आयोडीन घातलेलं, भुरभुरीत, आणि प्लास्टिकच्याच डब्यात जातं. सोय आहे, तक्रार करायचं कारण नाही. पण बरणीबरोबर एक नोंद पुसली जाते आहे.

कारण बरणी बायकांच्या ताब्यात होती. पोथी, सनद, दौलत पुरुषांच्या नावावर. मीठ किती घालायचं, कैऱ्या कधी चिरायच्या, बरणी कुणाला उघडू द्यायची आणि वाटीभर लोणचं कुणाच्या घरी पाठवायचं, हे तिचं राज्य. दीपाबाईंचं नाव ग्रंथात राहिलं कारण त्या राणी होत्या. बाकीच्या हजारो जणींच्या हाताचा पुरावा म्हणून उरल्यात त्या या बरण्या. चेल्लिनीच्या सोन्याच्या भांड्यावरून आपल्याला फ्रान्सचा राजा कळतो. बरणीवरून आपलं घर कळेल, त्यात कोण जेवत होतं आणि कोण शेवटी जेवत होतं तेही कळेल.

म्हणून एक छोटं काम सांगतो. घरात जुनी बरणी किंवा मिठाचा सट असेल तर उलटा करून बुडाशी बघा. कारखान्याचा शिक्का असेल, गावाचं नाव असेल, एखादा आकडा असेल. ती कुणी घेतली, कुठून आणली, कुठल्या बदलीच्या गावांतून फिरत फिरत ती इंदूरला किंवा बेंगळुरूला आली, हे घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा आणि लिहून ठेवा. एक कागद पुरे. तो बरणीतच ठेवा.

आणि पुढच्या वेळी पान वाढाल तेव्हा मीठ आधी वाढा. फक्त त्या पानावर कोण बसणार हा प्रश्न आता आपल्या हातात आहे. ज्यांना आपल्या आजोबांनी अंगणाबाहेर ठेवलं, त्यांच्या पानावरही तीच चिमूट पडली तर त्या मिठाला आपण खऱ्या अर्थाने जागलो.

आज इथेच थांबू. तुमच्या बरण्यांच्या हकिकती जरूर कळवा.